सहा व्हीलचेअर आणि एकसष्ट पायऱ्यांची पाखाडी

हे प्रकरण रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतलं. मी त्या तालुक्यात समावेशित शिक्षणाची विशेष शिक्षिका आहे आणि या शाळेत आठवड्यातून एकदा जाते. गावाचं, मुलांचं आणि देणाऱ्या मंडळाचं नाव इथे घेत नाही. मुलांना त्यांच्या तेव्हाच्या इयत्तेवरून ओळखू या. लिहायचं कारण असं, की वर्षातून दोन-तीनदा तरी कुणाचा ना कुणाचा फोन येतो, "मॅडम, शाळांना व्हीलचेअर द्यायच्यात, किती लागतील?" आणि मला दर वेळी हीच शाळा डोळ्यांसमोर येते.

गाव उतारावर वसलेलं, सहा वाड्यांचं. शाळा खालच्या वाडीत, डांबरी रस्त्याला लागून. पहिली ते सातवी, नव्वदच्या आसपास मुलं. वरच्या वाडीतून शाळेकडे उतरायला जांभ्या दगडाची पाखाडी आहे. तिच्या पायऱ्या ६१. पुढे त्या मला मोजाव्या लागल्या, म्हणून आकडा पक्का सांगते. दुसऱ्या बाजूची वाडी पऱ्ह्यापलीकडे, म्हणजे ओढ्यापलीकडे, साकव (छोटा पूल) ओलांडून.

मुंबईत गावच्या चाकरमान्यांचं मंडळ आहे. शाळेची पाण्याची टाकी, दोन संगणक, दरवर्षीच्या वह्या हे सगळं त्यांचंच. त्या वर्षी त्यांनी दिव्यांग मुलांसाठी काही करायचं ठरवलं. सेक्रेटरींनी मुख्याध्यापकांना फोन केला, "गुरुजी, आपल्या शाळेत दिव्यांग मुलं किती?" गुरुजींनी रजिस्टर पाहिलं आणि सांगितलं, "सहा." आकडा बरोबर होता. मंडळाने सहा व्हीलचेअर घेतल्या.

२६ जानेवारीला झेंडावंदन झालं आणि टेम्पोतून खुर्च्या उतरल्या, चकचकीत, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या. मैदानात रांगेत मांडल्या, प्रत्येकीला हार घातला, नारळ फोडला. मग सहाही मुलांना खुर्च्यांत बसवून फोटो काढले. त्यांत चौथीतली एक मुलगी होती, जिला ऐकू कमी येतं. खो-खोत ती खांबाला वळसा घालून सुटली की कुणाच्या हाती लागत नाही. तिला खुणेने बसायला सांगितलं, ती बसली. आजूबाजूला बघत होती, आपल्याला इथे का बसवलंय ते कुणी तरी सांगेल म्हणून. दुसऱ्या एका मुलाला कमी दिसतं, तिसरा बौद्धिक दिव्यांग; दोघंही पायांनी धडधाकट. मी तिथे होते. एवढी माणसं रात्रभर प्रवास करून आलेली, त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. ती चूक माझी होती, आणि तिची किंमत पुढे एका मुलीने मोजली.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. शाळेचं रजिस्टर त्या सगळ्यांची एकच बेरीज करतं. पायांनी चालता न येणारी किंवा चालणं अवघड असणारी मुलं त्या सहांत तीन होती, आणि त्या तिघांनाही वेगवेगळी खुर्ची हवी होती. आलेल्या सहाही मात्र एकाच मापाच्या होत्या. दवाखान्यात रुग्णाला एका खोलीतून दुसरीकडे न्यायला असते तशी घडीची, १८ इंच रुंद बैठकीची, मोठ्या माणसाची खुर्ची. बैठक कापडी, झोळीसारखी. पुढची चाकं लहान आणि कडक, फरशीवर सुरेख फिरणारी आणि शाळेच्या मैदानातल्या पहिल्याच खड्यावर अडणारी.

पाचवीतली

ही वरच्या वाडीतली. तिला जन्मापासून स्पायना बायफिडा आहे. आईच्या पोटात असताना पाठीचा कणा एका जागी पूर्ण मिटलेला नव्हता. कमरेखाली हालचाल नाही आणि संवेदनाही नाही. लहानपणी शस्त्रक्रिया झाली आहे. डोक्याने अतिशय हुशार, पाढे तीसपर्यंत तोंडपाठ. आई तिला रोज कडेवर घेऊन पाखाडी उतरायची आणि वर्गात बाकावर बसवून शेतावर जायची. बाकावर ती कधी या कुशीवर, कधी त्या कुशीवर कलायची, मैत्रिणी तिला मधूनच खाली बस्करावर घ्यायच्या. कुणी ठरवून केलं नव्हतं, पण त्यामुळे एकाच जागी दाब येत नव्हता.

खुर्ची आली आणि ती सकाळी साडेदहा ते पाच तिच्यातच बसू लागली. शाळेला वाटलं, आता सोय झाली. तिलाही खुर्ची आवडली होती. मैत्रिणी ढकलायच्या, व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पण तिच्या कमरेची रुंदी साडेदहा इंच आणि बैठक अठरा. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं मोकळी, त्यामुळे ती नेहमी डावीकडे झुकून बसायची. पाय फूटरेस्टला टेकत नव्हते, लोंबायचे. हात चाकाच्या कड्यापर्यंत नेण्यासाठी खांदे कानापर्यंत उचलावे लागायचे. सगळा भार डाव्या बाजूच्या बसण्याच्या हाडावर, झोळीच्या कापडावर, गादी नाही, काही नाही.

आपण बसल्या जागी थोड्या थोड्या वेळाने नकळत हलतो, कारण दुखायला लागतं. तिला दुखत नाही. दाबाखाली रक्त पोहोचत नाही, कातडी मरायला लागते आणि तिला पत्ताही लागत नाही. फेब्रुवारीच्या मध्यावर आईला परकरावर ओला डाग दिसला. जखम रुपयाएवढी होती. सुदैवाने हाडापर्यंत गेली नव्हती. जिल्हा रुग्णालयात ड्रेसिंग सुरू झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, बसायचं बंद, पालथं झोपायचं. सात आठवडे ती घरी पडवीत पालथी पडून पुस्तक वाचत होती. वार्षिक परीक्षेच्या तयारीचे दिवस.

मी घरी गेले तेव्हा तिची आजी म्हणाली, "बाई, ती खुर्ची वायट न्हवं. पन तिला सांगाया पायजे हुतं ना कुनीतरी." आजीला माहीत होतं की सांगायला पाहिजे होतं ते मीच.

जागतिक आरोग्य संघटनेने कमी साधनांच्या भागांसाठी व्हीलचेअर पुरवण्याची मार्गदर्शक तत्त्वं २००८ मध्ये काढली. २०२३ मध्ये त्या विषयावर नवी आली. जुन्यातले आठ टप्पे आम्हाला प्रशिक्षणात शिकवले होते : मूल शोधून नोंदवणं, तपासणी, कोणती खुर्ची हवी ते ठरवणं, पैसे आणि मागणी, खुर्ची तयार करणं, बसवून पाहणं, वापरायला शिकवणं, आणि शेवटी देखभाल, दुरुस्ती व पुन्हा पुन्हा भेट. आमच्या शाळेत २६ जानेवारीला यांतला फक्त चौथा पार पडला होता.

दुसरीतला

त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. स्नायू ताठ होतात; घाबरला किंवा आनंदला की सगळं शरीर मागे ताणलं जातं. त्या मोठ्या खुर्चीत तो ताणला गेला की कुल्ले पुढे घसरायचे आणि तो जवळजवळ आडवा व्हायचा. तशाच अवस्थेत त्याला खिचडी भरवताना मी पाहिलं आणि हातातला चमचा काढून घेतला. मान मागे पडलेली असताना घास श्वासनलिकेत जायला वेळ लागत नाही. स्वयंपाकीण मावशी बिचाऱ्या मायेनेच भरवत होत्या.

शिवाय आमच्याकडे पहिली ते चौथीची मुलं जमिनीवर बसतात. बस्करपट्टीवर बसलेल्या वर्गात हा एकटा दीड फूट उंच. गोलात बसून खडे मोजायचा खेळ सुरू झाला की याचे हात पोहोचत नव्हते. हे आपल्याकडे नीट लक्षात घ्यायला हवं असं मला फार वाटतं. आपलं घर, आपलं जेवण, आपला अभ्यास अजून पुष्कळसा जमिनीवर चालतो. खुर्ची मुलाला उचलून त्या गोतावळ्यातून बाहेरही काढू शकते.

त्याच्यासाठी आम्ही आधी केली ती कोपरा खुर्ची. भिंतीच्या कोपऱ्यासारखी दोन फळ्यांची पाठ, त्यामुळे खांदे आपोआप पुढे येतात. पायांच्या मधे छोटा ठोकळा, म्हणजे घसरत नाही. कमरेला पट्टा, आणि पुढे काढता-घालता येणारा पाट. जिल्हा रुग्णालयातल्या फिजिओथेरपिस्टबाईंनी मापं काढून दिली, गावातल्या सुताराने फणसाच्या लाकडात चार दिवसांत केली. जमिनीपासून बैठक चार इंच. आता तो गोलात बसतो. पाटावर खडे ठेवले की उजव्या हाताने सरकवतो. वेळ लागतो, मुलं थांबतात.

बाहेर नेण्यासाठी त्याला सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठीची खास खुर्ची समग्र शिक्षा या सरकारी शिक्षण योजनेच्या मोजमाप शिबिरातून मिळाली. अशा शिबिरांत केंद्र सरकारच्या एडिप या दिव्यांगांना साधनं देणाऱ्या योजनेखाली कानपूरच्या अ‍ॅलिम्को या सरकारी निगमाकडून साधनं येतात. त्यासाठी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, दिव्यांगांचं वैश्विक ओळखपत्र (यूडीआयडी), उत्पन्नाचा दाखला, फोटो हे सगळं हातात हवं. वाडीतल्या आईला त्यासाठी किती फेऱ्या होतात ते मी जाणते. म्हणून आता मी देणाऱ्यांना सांगते, तुमच्याकडे एक दिवस आणि एक गाडी असेल तर चार मुलांना दाखल्यासाठी जिल्ह्याला घेऊन जा. ते दान फोटोत दिसत नाही, पण त्यातून मुलाला त्याच्या मापाची खुर्ची मिळते, आणि पुढे इतरही बरंच.

सहावीतला

याच्याबद्दल बोलणं मला सगळ्यांत जड जातं. त्याला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. हा आजार बहुतेक करून मुलग्यांनाच होतो. स्नायू हळूहळू क्षीण होत जातात आणि साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास चालणं थांबतं. तो तेव्हा अकरा वर्षांचा होता. चवड्यांवर, कंबर पुढे काढून, डुलत चालायचा. पडला की मांड्यांवर हात ठेवून स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उठायचा.

२६ जानेवारीला तो खुर्चीत बसला तो फोटोपुरता. नंतर हातही लावेना. घरी वडील म्हणाले, "खुर्चीत बसला की पाय संपले. तोवर चालू दे त्याला." आणि आई गप्प. हा दोष आईकडून येऊ शकतो असं कुणीतरी तिला सांगितलं होतं, आणि ती ते मनात घेऊन बसली होती. मी तिला पुन्हा पुन्हा सांगितलं, आणि इथेही लिहिते : जनुकातली गोष्ट कुणाच्या हातची नसते, आणि कित्येकदा ती मुलात नव्यानेच उद्भवते.

त्या मुलाशी मी खुर्चीबद्दल बोलणंच सोडून दिलं. एकदा विचारलं, दिवसात सगळ्यांत जास्त कधी दमतोस? म्हणाला, फाटकापासून वर्गापर्यंत येताना. पहिल्या तासाला हात थरथरतात, अक्षर घाण येतं. मग मी म्हटलं, तेवढंच खुर्चीतून ये, वर्गात चाल. दोन दिवस विचार करून त्याने अट घातली, ढकलायचं ते फक्त त्याच्या मित्राने, शिक्षकांनी नाही. तसं ठरलं. पहिल्या तासाचं अक्षर आठवड्यात सुधारलं. चालणं त्याने सोडलं नाही, जेवढी शक्ती होती ती वर्गासाठी राखली. अठरा इंचांची बैठक त्यालाही मोठीच होती, पण दोन्ही बाजूंना फळी आणि फोमचे ठोकळे बसवून ती भरून काढता आली.

शिमगा

मार्चमध्ये शिमग्याला चाकरमानी आले. पालखी सहाणेवर बसली होती. दुपारी ऊन कलल्यावर मी मंडळाच्या मंडळींना भेटायला गेले आणि मुलीच्या जखमेबद्दल सांगितलं. आधी कुणी बोललंच नाही. मग एकजण चिडले, "म्हणजे आम्ही दिलं ते वाईट केलं?" सेक्रेटरीकाका गिरणीत फिटर होते. ते म्हणाले, "बाई, आमी चांगल्या मनानं दिलं."

"काका, मन चांगलंच होतं. माप घ्यायचं राहिलं, आणि ते सांगायचं काम माझं होतं."

ते थोडा वेळ पायाशी बघत राहिले आणि म्हणाले, "गिरणीतल्या साच्याचा पट्टासुद्धा मापाचा लागतो, नायतर उतरतो. चला, पोरीला बघू."

६१ पायऱ्या ते चढले, गुडघे दुखत असताना. पडवीत पालथ्या पडलेल्या मुलीजवळ बसले. तिने त्यांना सांगितलं की खुर्ची आवडते, फक्त ती मोठी आहे. इतकंच. त्यानंतर मंडळाने जे केलं त्याबद्दल मला त्यांचे उपकार वाटतात, म्हणून तेही पूर्ण लिहिते.

दुकानदाराने न वापरलेल्या दोन खुर्च्या परत घेऊन लहान बैठकीची एक दिली, हवेच्या टायरची. हवेचा टायर हवाच होता. कडक टायर पंक्चर होत नाही, पण प्रत्येक खड्याचा धक्का मुलाच्या कण्याला देतो, आणि पंक्चर काढायला बाजारपेठेत सायकलवाला आहे. फूटरेस्ट काकांनी स्वतः कापून वर घेतला. गादी गादीवाल्याकडून करवून घेतली, खाली कडक फोम, वर मऊ, आणि बसण्याच्या हाडांच्या जागी पोकळ. ती शिवायला दोनदा परत द्यावी लागली, कारण पहिल्यांदा गादीवाल्याने मायेने पोकळी भरून टाकली होती.

गादीनेही सगळं भागत नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी भार काढावा लागतो. ती दोन्ही हात आर्मरेस्टवर रोवून स्वतःला उचलते, किंवा पुढे बाकावर ओणवी होते. शेजारची मैत्रीण आठवण करते. रात्री आई कंदिलासारखा मोबाइलचा उजेड धरून कातडी तपासते. मुलगी स्वतः आरशात बघायला शिकली आहे. तेव्हापासून लाल डाग दोनदा दिसला, दोन्ही वेळा दोन दिवस बसणं बंद केलं, जखम झाली नाही.

उरलेल्या दोन खुर्च्यांतली एक आरोग्य उपकेंद्राला दिली, एक साकवापलीकडच्या वाडीत अर्धांगवायू झालेल्या आजोबांना. ती त्यांच्या मापाची होती. कुणाच्या तरी मापाची ती होतीच. पाचवीतल्या मुलीची मूळची खुर्ची सुट्या भागांसाठी ठेवली. आमच्याकडे पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे जातो, हवा खारी. जुलैपर्यंत पुढच्या चाकांची बेअरिंग गंजून बसतात. दर पंधरा दिवसांनी पुसणं, तेल घालणं हे काम सातवीच्या मुलांनी वाटून घेतलं आहे.

एका इंचाला एक फूट

शाळेच्या माहितीत "रॅम्प : आहे" अशी नोंद होती. आणि तो होताच. जोतं दोन फूट उंच आणि उतार सहा फूट लांब. पोरं त्याची घसरगुंडी करायची. नियम सोपा आहे, एक इंच चढाला किमान एक फूट लांबी. दोन फुटांना चोवीस फूट हवेत. मे महिन्यात, पावसाच्या आत, तो व्हरांड्याला समांतर बांधला, मधे सपाट टप्पा आणि कडेला कठडा. चिरे गावातल्या खाणवाल्याने दिले, अंगमेहनत सुट्टीवर आलेल्या चाकरमान्यांची, सिमेंट आणि गवंड्याची मजुरी ग्रामपंचायतीच्या निधीतून. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचा ५ टक्के वाटा दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो, हे ग्रामसभेत मांडल्यावर कुणी विरोध केला नाही. तो पैसा आहे हेच पुष्कळांना ठाऊक नव्हतं.

शौचालयाचं कळायला मात्र मला उशीर झाला. जखम बरी होऊन मुलगी शाळेत आली तरी दिवसभर पाणी पीत नव्हती. कारण विचारलं तर मान खाली. दार दोन फुटांचं, त्यातून खुर्ची आत जात नव्हती. आत जायचं तर कुणीतरी उचलून न्यायला हवं, आणि ती पाचवीतली मुलगी होती. तिच्यासारख्या मुलीने पाणी कमी पिणं मूत्रपिंडांना फार धोक्याचं. दार तीन फुटांचं केलं, बाहेर उघडणारं, आत भिंतीला आडवा दांडा. या सगळ्या प्रकरणात सर्वांत कमी खर्च या दारावर झाला असेल, आणि खुर्च्यांच्या आधी ते व्हायला हवं होतं.

पाखाडी अजून तशीच आहे. खुर्ची शाळेतच राहते, मुलीला आई पाठीवर घेऊन येते. मुलगी आता सातवीत आहे, वजन वाढलंय, आईची कंबर धरते. सरकारी मदतनीस भत्ता मिळतो, पण मदतनीस म्हणून यायला तयार असलेली आईच. वरच्या वाडीपर्यंत रस्ता आणण्याचा ठराव ग्रामसभेत झाला आहे. मधल्या जमिनीच्या सह्या बाकी आहेत. दोन खातेदार मुंबईत, एक सुरतेला. सेक्रेटरीकाका त्यांच्या मागे लागले आहेत.

सहावीतला मुलगा यंदा आठवीत गेला. आता तो चालत नाही. हायस्कूल पाच किलोमीटरवर, बाजारपेठेत. वडील मोटारसायकलवर पुढ्यात बसवून सोडतात, त्याची खुर्ची तिथेच असते. आठवीचा वर्ग तळमजल्यावर आणून दिला आहे. दारात चार पायऱ्या आहेत. चार मित्र खुर्चीसकट उचलतात, आणि पावसात पायऱ्या ओल्या असतात. मागच्या शनिवारी मी आणि काका टेप घेऊन गेलो होतो. प्रत्येक पायरी सात इंच, म्हणजे अठ्ठावीस इंच, म्हणजे अठ्ठावीस फूट उतार. समोर फाटकापर्यंत अंगण भरतं वीस फूट. वळण घ्यावं लागेल, आणि वळणावर खुर्ची फिरेल एवढा पाच फुटांचा सपाट टप्पा. मुलाने खुर्चीत बसून वहीच्या मागच्या पानावर नकाशा काढला आणि वळण डावीकडे घ्या म्हणाला, उजवीकडे पागोळ्यांचं पाणी पडतं.